इंद्रधनुष्य तर प्रत्येक बालवाडीवर असतं

ऐरोलीच्या एका तरुण मंडळाने विचारलंय. सोसायटीच्या रस्त्याकडच्या भिंतीवर, साठ फूट लांब आणि आठ फूट उंच, क्वीअर, म्हणजे समलिंगी, तृतीयपंथी वगैरे, समुदायाचा सन्मान करणारं चित्र काढायचं आहे. कच्चं चित्र तयार आहे: इंद्रधनुष्याच्या सहा रंगांचे पट्टे आणि मधोमध अर्धनारीश्वर. पन्नासेक हजार वर्गणी जमेल. गणपतीच्या आधी उरकायचंय. परवानगी कुणाची लागेल, रंग कुठला घ्यावा आणि कुणी आडवं आलं तर काय करावं?

गणपतीच्या आधी होणार नाही. का ते शेवटी सांगते. आधी चित्राबद्दल बोलू, कारण परवानगी आणि रंग यांची उत्तरं त्यातूनच निघतात.

मी कळव्याची. सतरा-अठरा वर्षं ठाणे आणि नवी मुंबईत भिंती रंगवते आहे. त्यातल्या चार भिंती या विषयावरच्या, आणि पहिली सपशेल फसलेली. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याबाहेर काढले, त्यानंतर काही महिन्यांतली गोष्ट. एका कंपनीच्या सामाजिक निधीतून पैसे आले होते. ठाण्यात हमरस्त्याला लागून भिंत मिळाली. मी तुमच्यासारखेच सहा पट्टे काढले, वर इंग्रजीत प्रेमाबद्दल एक वाक्य. तिसऱ्या दिवशी सिग्नलवर पैसे मागणारी एक तृतीयपंथी जवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, "ताई, इथं आइस्क्रीमचं दुकान निघतंय का?" मी म्हटलं, नाही, हे तुमच्यासाठीच आहे. "आमच्यासाठी? मग आम्हाला विचारलं कधी?" तेवढ्यात सिग्नल लागला आणि ती गाड्यांकडे निघून गेली.

तिचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे इंद्रधनुष्य कुठे कुठे असतं ते आठवून बघा. प्रत्येक बालवाडीच्या भिंतीवर, अंगणवाडीत, मुलांच्या दवाखान्यात, खाली दोन ढग आणि एक हसरा सूर्य. पालिकेच्या "झाडे लावा"च्या चित्रातसुद्धा. वाशीच्या कॉलेजातली मुलं सहा पट्टे ओळखतील, भाजीवाल्या मावशी ओळखणार नाहीत, आणि ज्यांच्या नावाने भिंत रंगवायची त्यांतले निम्मेही ओळखणार नाहीत. अमेरिकन कलाकार गिल्बर्ट बेकरने १९७८ च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत या समुदायाचा इंद्रधनुषी ध्वज फडकवला तेव्हा त्याखाली चालायला माणसं आधीच रस्त्यावर आलेली होती. ध्वज त्यांच्या डोक्यावर होता म्हणून त्याला अर्थ आला. ऐरोलीच्या भिंतीवर नुसते पट्टे काढले तर खाली कोण उभं आहे ते कळणार कसं?

इंद्रधनुष्य नकोच असं मी म्हणत नाही. लहान करा. एखादीच्या साडीच्या काठात, छत्रीच्या पाळ्यांत, चहाच्या टपरीच्या फळीवर. ओळखणारा बरोबर ओळखतो, आणि न ओळखणाऱ्याला चित्र तरी बघायला मिळतं.

आता अर्धनारीश्वर. ही सूचना मला प्रत्येक बैठकीत येते आणि नेहमी चांगल्या मनाने येते. मुंबईजवळच्या घारापुरी बेटावरच्या लेण्यात, त्रिमूर्तीच्या शेजारीच, अर्धनारीश्वराचं अप्रतिम शिल्प आहे, सहाव्या शतकातलं मानतात. ते बघायला जरूर जा. पण भिंतीवर काढण्याआधी दोन गोष्टींचा विचार करा. एक, आपल्याकडे जिन्याच्या कोपऱ्यात कुणी थुंकू नये म्हणून देवाच्या टाइल्स लावतात. रस्त्यावरच्या भिंतीवर देव काढला की लोक त्याला त्याच कामाला आलेला समजतात. दोन, कोपरखैरण्याच्या कामात एका किन्नर गुरूंनी मला जे ऐकवलं ते मी विसरलेले नाही: "देव म्हणून पाया पडतात आणि माणूस म्हणून भाड्याने खोली देत नाहीत. आम्हाला देव करू नका. खोली भाड्याने घेताना काढा." आम्ही तेच काढलं. किल्ली हातात घेतलेली एक बाई आणि पायाशी स्टोव्ह, गादीची वळकटी, बादली. चार भिंतींतलं मला सगळ्यात आवडलेलं चित्र तेच.

एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीचा भलामोठा चेहरा काढण्याचाही मोह होतो. लक्ष्मीनारायण त्रिपाठी ठाण्याच्याच, आणि १५ एप्रिल २०१४ च्या ज्या निकालाने तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवायचा हक्क मान्य केला त्या खटल्यात त्या होत्या. त्यांचा आदर आहेच. पण आपल्याकडे भिंतीवरचा मोठा चेहरा म्हणजे वाढदिवसाचं होर्डिंग ही सवय डोळ्यांना इतकी लागलीय, की लोक खाली शुभेच्छुकांची नावं शोधतात.

मग काढायचं काय? ते मी सांगू शकत नाही आणि तुम्हीही ठरवू नका. मात्र ठरवायची पद्धत सांगते. भिंतीला हात लावण्याआधी दोन-तीन रविवार काढा. सोसायटीचं ऑफिस चालेल, शाळेचा वर्ग त्याहून बरा. ज्यांच्याबद्दल चित्र आहे ते आठ-दहा जण, तुमच्या मंडळातले चार, आणि शक्य असेल तर समोरचा दुकानदार. प्रत्येकाला कागद आणि तेलकट खडू द्या आणि एकच प्रश्न विचारा: या भागातली तुमची जागा कुठली? "तुमची ओळख काय" असं विचारलंत तर भाषणं येतात. जागा विचारली की गोष्टी येतात. ठाणे स्टेशनचा दहा नंबर, कळव्याच्या पुलावरचा वारा, सानपाड्याचं उद्यान, मासुंदा तलावाचा कठडा. एका मुलीने नुसतं पार्किंग काढलं होतं, कारण त्यांना दोघींना भेटायला दुसरी जागाच नव्हती. सुतळीसारख्या बारीक रेषांनी काढलेल्या स्कूटरींच्या रांगा. त्या तशाच मोठ्या करून भिंतीवर चढवल्या.

या पद्धतीचा शोध मी लावलेला नाही. बंगळुरूत २०१६ मध्ये पूर्णिमा सुकुमार यांनी सुरू केलेला अरावणी आर्ट प्रोजेक्ट पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्रियांना सोबत घेऊन मोठमोठ्या भिंती रंगवतो. नाव तमिळनाडूतल्या कूवागमच्या यात्रेतल्या अरावण या देवावरून आलंय. दिल्लीच्या लोधी कॉलनीत त्यांचं काम बघायला मिळेल. त्यांच्याकडून मी एक गोष्ट शिकले: चित्र पुसलं जाऊ शकतं, पण पंधरा दिवस भर बाजारात एक तृतीयपंथी परांचीवर उभी राहून काम करते आणि खालून चहावाला तिला नावाने हाक मारून चहा वर देतो, ते लोकांच्या डोळ्यांत राहतं. म्हणून ब्रश त्यांच्या हातात हवा. सगळे पट्टीचे चित्रकार असायची गरज नाही. मोठ्या सपाट जागा भरायला, काठ ओढायला, ठिपके द्यायला चार दिवसांत हात बसतो. रेखांकन तुमच्याकडच्या जाणकाराने करावं. जुन्या पेंटरांची रीत अजूनही सगळ्यात सोपी आहे: ब्राउन पेपरवर चित्र काढायचं, रेषांवर सुईने भोकं पाडायची, कागद भिंतीवर चिकटवून गेरूच्या पुरचुंडीने थापत जायचं. कागद काढला की ठिपक्यांची रेघ मिळते.

आणि पैसे द्या. हे मोठ्याने सांगते, कारण इथेच बहुतेक ठिकाणी माती खातात. "सहभागाचं प्रमाणपत्र" आणि वडापाव यांच्यावर कुणाला दिवसभर उन्हात उभं करू नका. जी रोज दुकानं मागायला जाते तिची त्या दिवसाची कमाई बुडते, आणि त्यातला वाटा तिला डेऱ्यात, म्हणजे गुरूच्या घरीही द्यायचा असतो. रंगाऱ्याला जी दिवसाची मजुरी देता तीच द्या आणि संध्याकाळी हातात द्या, कारण बँक खात्यावरचं नाव आणि ती वापरते ते नाव एक असेलच असं नाही. तुमच्या पन्नास हजारांत हे बसतं. ४८० चौरस फुटांना प्रायमर, पाया आणि रंग मिळून पंधरा-वीस हजारांच्या वर जाऊ नयेत. उरलेले माणसांवर खर्च करा. परांची भाड्याने आणायची गरज नाही, आठ फुटांना दोन घोडे आणि फळी पुरते.

संडासाची सोय आधी बघा. हसू नका. दुसऱ्या भिंतीच्या वेळी आम्ही सगळं ठरवलं होतं, फक्त हे नाही. सार्वजनिक शौचालयात बायका ओरडल्या, पुरुषांकडे जाणं धोक्याचं, आणि एक जण दिवसभर पाणी न पिता काम करून चक्कर येऊन पडली. तळमजल्यावरच्या एखाद्या घराशी किंवा सोसायटीच्या ऑफिसशी आधी बोलून ठेवा.

चेहऱ्यांबद्दल फार सांभाळून. तृतीयपंथी निदान उघड असतात, समाजाने त्यांना लपायला जागाच ठेवलेली नाही. पण समलिंगी मुलगे, मुली, घरात न सांगितलेले, लग्न झालेले, यांच्यासाठी भिंतीवरचा ओळखू येणारा चेहरा म्हणजे संकट. तोंडी होकार पुरत नाही. आज उत्साहात "काढा की" म्हणणारा सहा महिन्यांनी नोकरी बदलतो, बहिणीचं लग्न ठरतं, आणि भिंत तिथेच असते. मी चेहरा काढते तो फक्त जे आधीपासून सगळीकडे उघड आहेत त्यांचा, लेखी घेऊन, आणि "नको" म्हणाल त्या दिवशी पुसून देईन असं मी स्वतः लिहून देऊन. एकदा पुसलाही आहे. बाकीच्यांसाठी पाठ, हात, चपला, सावल्या, रिकाम्या खुर्च्या. आमच्या बैठकांना पन्नाशीचे एक गृहस्थ यायचे, मागे बसायचे, बोलायचे नाहीत. शेवटच्या रविवारी म्हणाले, "मला पाठमोरा काढा. फलाटावर. छत्री एकच असू दे." कोपरखैरण्याच्या फलाटावर पाठमोरे उभे दोन पुरुष, एक काळी छत्री, एकाचा खांदा भिजलेला. शेजारच्या काकू दोन मित्र म्हणून बघतात. बघू देत.

तृतीयपंथीयांच्या टाळीवरून मात्र आमच्यात भांडण झालं होतं. मला ती पसरलेल्या पंजांची टाळी काढायची होती, भिंतभर. वयस्कर मंडळी खूश. तरुण मुली उखडल्या: "त्याच टाळीवरून आम्हाला चिडवतात, तीच पुन्हा भिंतीवर?" अडीच तास गेले. शेवटी टाळी राहिली, पण एका बाजूला, आणि दुसऱ्या टोकाला तेच पंजे भाकरी थापताना. असं भांडण झालं तर मध्ये पडून मिटवायची घाई करू नका. यल्लम्माला वाहिलेल्या जोगत्यांची परडी, चौंडकं यांच्याबाबतही तसंच. ज्याची परडी त्याला विचारल्याशिवाय सजावट म्हणून वापरू नका.

भिंतीवर अक्षरं हवीत, मराठीत हवीत आणि कमी हवीत. कलमांचे आकडे, घोषणा, इंग्रजी आद्याक्षरं नकोत. आम्ही एका ठिकाणी फक्त "आम्ही इथलेच" लिहिलं. अक्षरं कळव्याच्या एका जुन्या बोर्ड पेंटरने काढली, दुकानाच्या पाटीवर असतात तशी, खाली सावली दिलेली. विनाइलच्या पाट्यांनी त्यांचं काम कधीच नेलंय. असा कुणी तुमच्याकडे असेल तर शोधाच.

परवानगीचं लवकर सांगते. १९९५ चा राज्याचा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा आहे, म्हणून दोन कागद हाताशी ठेवा: सर्वसाधारण सभेचा ठराव आणि पालिकेच्या ऐरोली विभाग कार्यालयाची पोच. भिंत सोसायटीचीच आहे ना ते आधी नकाशावर बघा. सिडकोच्या जुन्या वसाहतींत कुंपण नक्की कुणाचं यावरच वर्षानुवर्षं वाद चालू असतात. रेल्वेची, एमआयडीसीची किंवा उड्डाणपुलाखालची भिंत पहिल्या प्रयत्नात घेऊच नका, त्यात वर्ष जातं. चित्राच्या कोपऱ्यात वहीएवढी पट्टी रंगवून त्यात ठरावाची तारीख आणि पत्राचा क्रमांक लिहा. स्वच्छ सर्वेक्षण जवळ आलं की ठेकेदाराची माणसं दिसेल ती भिंत रंगवत सुटतात. त्या पट्टीने माझी एक भिंत वाचली आहे.

सभेत ठराव मांडताना निकालांच्या झेरॉक्स वाटू नका. मी वाटल्या होत्या, लोकांनी त्यावर भेळ खाल्ली. प्रश्न एकच येतो: "मुलांवर काय परिणाम होईल?" त्याला तुम्ही उत्तर दिलंत तर वादविवाद स्पर्धा होते. बैठकांना येणाऱ्यांपैकी दोघा-तिघांना, त्यांची तयारी असेल तर, सभेला बोलवा आणि चित्र त्यांनाच दाखवू द्या. खोली भाड्याने मिळत नाही ही गोष्ट भाडेकरू म्हणून दिवस काढलेल्या प्रत्येकाला कळते. तरीही बहुमत विरोधात गेलं तर गुपचूप काढू नका. रात्री काढलेली भिंत सकाळी पुसतात आणि राग निघतो तो तुमच्यावर नाही, सिग्नलवर उभ्या असलेल्यांवर.

एक हरकत माझ्याकडूनही. लग्नाचा मंडप काढायचा की नाही हा प्रश्न येईलच. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता दिलेली नाही, म्हणून काही जण "तसं चित्र बेकायदेशीर" म्हणतात. ते खोटं आहे, चित्रात मुंडावळ्या बांधायला कायदा आडवा येत नाही. माझी हरकत वेगळी आहे: मंडप काढला की सगळी भिंत लग्नपत्रिकेसारखी दिसते. पण आमच्यातल्या एकीने हट्टाने मुंडावळ्या काढून घेतल्याच. माझं चाललं नाही.

भिंत मिळालीच नाही तर रांगोळी आहे. २०१३ मध्ये सिडनीत ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचा इंद्रधनुषी पादचारी पट्टा सरकारने उखडला, तेव्हा लोकांनी जागोजागी खडूने पट्टे काढले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ऑरलँडोत, पल्स या समलिंगी क्लबमध्ये २०१६ च्या गोळीबारात मारल्या गेलेल्यांच्या आठवणीचा पट्टा राज्याच्या रस्ते विभागाने रातोरात रंगवून टाकला, आणि तिथेही लोक खडू घेऊनच आले. आपल्याकडे तर ही कला घरोघर आहे. गुढीपाडव्याला ठाण्यात गावदेवी मैदानावर केवढी मोठी रांगोळी काढतात ती बघितली असेलच. सोसायटीच्या आवारात एका दिवसाची रांगोळी काढायला फारसं कुणी नाही म्हणत नाही, आणि पुढच्या वर्षी भिंत मागताना तिचे फोटो कामी येतात. वाहत्या रस्त्यावरचे झेब्रा मात्र रंगवायला जाऊ नका, ते पालिकेचं काम आहे.

आता रंग. बाहेरच्या भिंतीचं अ‍ॅक्रिलिक इमल्शन घ्या. ऑइल पेंट नको, आपल्या दमट हवेत त्याला फुगे येतात. आतल्या भिंतींची लांबी (पुट्टी) बाहेर भरू नका, पहिल्या पावसात पोपडे निघतील. भेगा सिमेंटने बुजवा, आणि नवं प्लास्टर असेल तर २८ दिवस तरी वाळू द्या. लोणा लागलेला दिसला, म्हणजे पांढरी भुकटी, तर तारेच्या ब्रशने खरवडून भिंत धुवा, आणि आधी पाणी कुठून मुरतंय ते शोधा. तुमच्या भिंतीमागे बाग असेल तर नक्कीच तिथून.

गुलाबी आणि जांभळा आधी उडतात. गेरू, पिवळी माती, काळा, पांढरा वर्षानुवर्षं टिकतात, पण पश्चिमेच्या उन्हात स्वस्त गुलाबी दोन उन्हाळ्यांत फिक्कट होतो. बेकरच्या मूळ ध्वजात आठ पट्टे होते. त्यातला भडक गुलाबी पहिल्याच वर्षात गळाला, कारण तसं कापड मिळेना. आपल्याकडे तो ऊन खातं. पारलिंगी ध्वजात तर निळा, गुलाबी आणि पांढरा एवढेच रंग, म्हणजे गुलाबी टाळताही येत नाही. म्हणून तेवढ्या रंगाला चांगल्या कंपनीचा बाहेरच्या वापराचा शेड घ्या, फ्लोरोसंट अजिबात नको, आणि वर ऊन अडवणाऱ्या पारदर्शक लेपाचे दोन हात द्या. प्रत्येक शेडचा अर्धा लिटर बाजूला ठेवून डब्यावर कोड लिहा. खालचे अडीच फूट गडद गेरू करा, पिचकाऱ्या त्यात जिरतात. "भाड्याने देणे आहे"चे कागद चिकटतीलच, ते पाण्याने भिजवून काढा, ओरबाडू नका.

आणि गणपतीच्या आधी का नाही ते हेच. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तुमची भिंत आत्ता पिऊन तट्ट आहे. दसरा होऊ द्या. मग एका संध्याकाळी दीड फूट चौकोनी प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा, तीन ठिकाणी, त्यातलं एक अगदी खाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडवून बघा. आतून पाण्याचे थेंब दिसले तर दिवाळीपर्यंत थांबा आणि पुन्हा लावा. कोरडं निघालं तर प्रायमर आणा. तोवर तुमचे रविवार सुरू करा.